क्रॉसफेड देऊनही सांधा ऐकू येतो: ऑडॅसिटीत सलग डीजे मिक्स कसं जमवावं?

सलगसूर

नमस्कार मंडळी. ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) साधारण तासाभराचं सलग मिक्स तयार करतोय. १२ गाणी आहेत, टेम्पो ११८ ते १२८ बीपीएम (मिनिटाला बीट). सगळी ४/४ मध्ये (चार बीटचा एक बार) आहेत, पण त्यातलं एक गाणं प्रत्यक्ष ड्रम वाजवून रेकॉर्ड केलेलं आहे. डेक किंवा कंट्रोलर वापरायचा नाही, सगळं काम टाइमलाइनवरच करायचं आहे.

सध्याची पद्धत अशी: प्रत्येक गाणं वेगळ्या ट्रॅकवर घेतो, बीपीएम शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेला आकडा धरून 'चेंज टेम्पो' ने सगळी गाणी १२४ वर आणतो, दोन गाणी ३२ बार एकमेकांवर चढवतो, जाणाऱ्या गाण्याला फेड आउट आणि येणाऱ्याला फेड इन देतो. त्यात या अडचणी येतात:

१. सांध्याच्या सुरुवातीला बीट तंतोतंत जुळलेले असतात, पण शेवटाकडे एकेक किक (बेस ड्रमचा ठोका) दोनदा ऐकू येते.

२. क्रॉसफेडच्या मध्यावर आवाज बसतो. शिवाय बेस (खर्जाचा आवाज) कधी गढूळ होतो, कधी चक्क गायब होतो.

३. प्रत्यक्ष वाजवलेलं गाणं कुठल्याच आकड्यावर टिकत नाही.

४. तयार मिक्सचे लेबलवरून (टाइमलाइनवर लावलेल्या खुणांवरून) १२ वेगळे एमपी३ काढले, तर प्लेअरमध्ये प्रत्येक जोडावर बारीकशी उसंत येते.

या कामासाठी ऑडॅसिटी पुरेल की दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं, हेही सांगा.

तालमोजणी

पहिली अडचण मुळाशी आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

बीट सुरुवातीला जुळून नंतर सुटतात याचा अर्थ दोन गाण्यांचा टेम्पो सारखा नाही, फक्त आकडा सारखा दिसतोय. सॉफ्टवेअरने १२४ दाखवलं तरी गाणं १२३.९ चं असू शकतं. १२४ च्या लयीत ३२ बार म्हणजे १२८ बीट, जवळपास ६२ सेकंद. तेवढ्यात ०.१ बीपीएमचा फरक वाढत वाढत ५० मिलिसेकंदांवर जातो. दोन किकमध्ये २०-३० मिलिसेकंदांचं अंतर पडलं की कानाला ते दोन वेगळे ठोके वाटतात. म्हणून तुमचा सांधा पहिल्या १५ सेकंदांत निर्दोष आणि शेवटी विस्कटलेला आहे.

टेम्पो हाताने मोजा. गाण्यातली पहिली स्पष्ट किक शोधा, भरपूर झूम करा आणि लहर शांत रेषेवरून उसळते त्या जागी कर्सर ठेवून कंट्रोल+बी ने लेबल लावा. तिथून ६४ बार पुढे जाऊन पुन्हा किकच्या उसळीवर दुसरं लेबल लावा. ६४ बार म्हणजे २५६ बीट. आता:

बीपीएम = २५६ × ६० ÷ दोन लेबलांमधले सेकंद

अंतर १२३.८७ सेकंद आलं तर १५३६० ÷ १२३.८७ = १२४.००. एवढ्या लांब पट्ट्यावर लेबल १० मिलिसेकंद चुकलं तरी उत्तर फक्त ०.०१ ने हलतं, आणि तेवढ्या चुकीने ३२ बारांत ५ मिलिसेकंदच सरकतात. चारच बार मोजून काढलेला आकडा मात्र या कामाला निरुपयोगी आहे.

मोजताना हमखास होणारी गफलत: दुसरं लेबल २५६ व्या किकवर लावणं. २५६ किकमध्ये अंतरं २५५ च असतात. लेबल २५७ व्या किकवर, म्हणजे ६५ व्या बारच्या पहिल्या बीटवर पाहिजे. एका बीटची चूक झाली तर १२४ चं गाणं १२४.४९ दिसतं. संगणकावर तयार केलेल्या बहुतेक गाण्यांचा टेम्पो पूर्णांकात असतो, त्यामुळे असा विचित्र दशांश आला तर आधी मोजणी तपासा. तबकडीवरून किंवा टेपवरून उतरवलेल्या गाण्यांना हा नियम लागू नाही, तिथे १२३.७ हे खरंच १२३.७ असू शकतं.

टेम्पो बदलताना टक्केवारी अंदाजाने घालू नका. १२१ वरून १२४ वर जायचं तर (१२४ ÷ १२१ − १) × १०० = २.४७९ टक्के. बदल झाल्यावर लेबलं पुन्हा लावा आणि पुन्हा मोजा. हा दुसऱ्यांदा मोजण्याचा टप्पा बहुतेक जण गाळतात. पडताळा घ्यायचा तर 'जनरेट' मधल्या 'ऱ्हिदम ट्रॅक' ने १२४ चा क्लिक तयार करा, गाण्याखाली ठेवा, सुरुवात जुळवा आणि थेट चौथ्या मिनिटाला जाऊन ऐका. तिथेही क्लिक आणि किक एकच ऐकू आले तर ते गाणं पक्कं.

'चेंज टेम्पो' मधला उच्च दर्जाच्या स्ट्रेचिंगचा पर्याय सगळीकडे लावू नका. लांब सूर आणि गायन त्यात छान राहतं, पण किक आणि टाळीची धार बोथट होते. ठेक्याच्या गाण्यांना साधा पर्याय वापरून बघा, दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

सगळी गाणी १२४ वर ओढण्याचीही गरज नाही. ११८ चं गाणं १२४ वर नेणं म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त ताण. आवाज थरथरायला लागतो, झांजेत पाणी शिरल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पायऱ्या करा: १२०, १२२, १२४, १२६. प्रत्येक गाणं जवळच्या पायरीवर आणलं की कुणालाच २ टक्क्यांपेक्षा जास्त हलवावं लागत नाही.

मग पायरी चढायची कुठे? सांध्यात कधीच नाही. सांध्यात दोन्ही गाणी एकाच स्थिर टेम्पोवर हवीत. १२२ वरून १२४ ला जायचं असेल तर येणारं गाणं आधी १२२ वरच तयार करा. ते एकटं वाजायला लागलं की त्यातला ३२ बारांचा पट्टा निवडून 'स्लायडिंग स्ट्रेच' मध्ये टेम्पो ० टक्क्यापासून १.६४ टक्क्यांपर्यंत चढवा, आणि त्यापुढच्या भागाला सरळ १.६४ टक्के 'चेंज टेम्पो' द्या. काम उजवीकडून डावीकडे करा: आधी पुढचा भाग, मग चढाचा पट्टा. उलट केलंत तर पट्ट्याची लांबी बदलून पुढची सगळी लेबलं चुकतात. ३२ बारांत २ बीपीएमची चढण ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

खर्जातला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आवाज बसणं आणि बेस गायब होणं ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत.

आवाज बसतो तो फेडच्या आकारामुळे. ऑडॅसिटीचं साधं 'फेड इन' आणि 'फेड आउट' सरळ रेषेत चालतं. मध्यावर दोन्ही गाणी निम्म्या ॲम्प्लिट्यूडवर (लहरीच्या उंचीवर), म्हणजे प्रत्येकी −६ डीबीवर (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं एकक) असतात. दोन वेगळी गाणी एकमेकांशी संबंध नसलेले सिग्नल असतात, त्यांची बेरीज शक्तीने होते. म्हणून एकूण पातळी −३ डीबीवर येते आणि खड्डा पडतो. 'क्रॉसफेड ट्रॅक्स' मध्ये 'कॉन्स्टंट गेन' ऐवजी 'कॉन्स्टंट पॉवर' निवडलं की मध्यावर प्रत्येक गाणं −३ डीबीवर राहतं आणि खड्डा भरून निघतो.

याची दुसरी बाजू: एकाच गाण्याचे दोन तुकडे जोडताना (उदाहरणार्थ लूप लांबवताना, दोन्ही बाजूंना तीच लहर असेल तर) 'कॉन्स्टंट गेन' च बरोबर. तिथे 'कॉन्स्टंट पॉवर' दिलं तर मध्यावर ३ डीबीचा फुगवटा येतो.

आता बेस. दोन गाण्यांच्या किक ५ मिलिसेकंदांनी पुढे-मागे असल्या तर कानाला दोन ठोके ऐकू येत नाहीत, पण १०० हर्ट्झची लहर १० मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करते. ५ मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी फेरी. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि १०० हर्ट्झच्या आसपासचा सगळा दणका उडून जातो. अंतर थोडं बदललं की खड्डा दुसऱ्या ठिकाणी सरकतो. तुमचा टेम्पो सांधाभर सरकत होता, त्यामुळे बेस एकदा जात होता आणि एकदा फुगत होता. टेम्पो पक्का केल्यावरही दोन गाण्यांच्या किकचा आकार वेगळा असल्याने हे पूर्ण थांबत नाही. उपाय एकच: एका वेळी एकाच गाण्याचा बेस. या एका गोष्टीने सांधा जितका सुधारतो तितका कुठल्याही फेडच्या वळणाने सुधारत नाही.

१२४ च्या लयीत ३२ बारांच्या सांध्याचा आराखडा देतो:

बार १ ते ८ (० ते १५.४८ सेकंद): येणारं गाणं बेस कापून, शांततेपासून −६ डीबीपर्यंत.
बार ९ ते १६: तेच गाणं ० डीबीपर्यंत, बेस अजून बंद. जाणारं गाणं पूर्ण आवाजात.
बार १७ ची पहिली बीट (३०.९७ सेकंद): अदलाबदल. जाणाऱ्याचा बेस बंद, येणाऱ्याचा सुरू.
बार १७ ते २४: जाणारं गाणं बेसशिवाय, हळूहळू −६ डीबीपर्यंत.
बार २५ ते ३२: शांततेपर्यंत.

आवाजाच्या या सगळ्या हालचाली एन्व्हलप टूलने (एफ२) करा. बिंदू ओढून दुरुस्त करता येतात, फेड इफेक्ट एकदा लागला की चुकल्यावर अन्डू करत बसावं लागतं.

बेस कापण्यासाठी 'फिल्टर कर्व्ह ईक्यू' घ्या: २०० हर्ट्झला ० डीबी, १२० हर्ट्झला −३० डीबी, त्याखाली तसंच. 'हाय-पास फिल्टर' नेही काम होतं, पण तो कापण्याच्या जागेच्या आसपास फेज (लहरीची वेळेतली जागा) फिरवतो. मग कापलेला भाग आणि मूळ भाग एकमेकांत मिसळताना क्षणभर पोकळ आवाज येतो. 'फिल्टर कर्व्ह' फेज सरकवत नाही, त्यामुळे दोन्ही प्रती तंतोतंत बसतात.

प्रत्यक्ष कृती: येणाऱ्या गाण्याचा ट्रॅक डुप्लिकेट करा. वरच्या प्रतीला फिल्टर लावा आणि तिचा बार १७ पुढचा भाग उडवा. खालच्या प्रतीचा बार १७ आधीचा भाग उडवा. कात्री किकच्या उसळीवर मारू नका, उसळीच्या १०-१५ मिलिसेकंद आधी मारा, आणि दोन्ही प्रती २० मिलिसेकंद एकमेकांवर ठेवून सरळ रेषेचा फेड द्या. फेड न देता जोडलंत तर बेसची लहर मधूनच सुरू होते आणि टक् असा आवाज येतो. वर सांगितलेला नियम इथे लागतो: एकाच गाण्याच्या दोन प्रती आहेत, म्हणून सरळ रेषा. जाणाऱ्या गाण्यालाही हेच, उलट क्रमाने.

पातळीचं थोडक्यात: सुरुवातीलाच सगळी गाणी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' ने −१८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणा. आजकालची गाणी इतकी ठासून भरलेली असतात की −१८ वर आणल्यावर त्यांची शिखरं साधारण −१० डीबीच्या आसपास येतात आणि दोन गाण्यांच्या बेरजेला जागा उरते. फक्त एक लक्षात ठेवा, हा आकडा पूर्ण गाण्याची सरासरी असतो. मध्ये लांब शांत भाग असलेल्या गाण्याचा ठेका त्यामुळे प्रमाणापेक्षा मोठा राहतो. अशी गाणी सांध्याच्या जागी कानाने १-२ डीबी खाली घ्या.

सलगसूर

दोघांचेही आभार. मोजणी केली. दोन गाणी १२४ दाखवत होती ती १२३.९ आणि १२४.१ निघाली. आता ३२ बार शेवटपर्यंत एकत्र चालतात, आणि बेसची अदलाबदल केल्यावर गढूळपणाही गेला.

पण आता वेगळंच ऐकू येतंय. बीट जुळतात, आवाज जुळतो, तरी काही सांधे अंगावर येतात. दोन ठिकाणी दोन गायक एकदम गातात. एका ठिकाणी सूर भांडतात असं वाटतं. शिवाय तीन गाणी थेट गायनानेच सुरू होतात, त्यांना इंट्रोच नाही. तिथे ३२ बार कुठून आणायचे?

फेडर

बीट जुळणं आणि वाक्य जुळणं यात फरक आहे. नाचाच्या गाण्यात ४ बीटचा बार, आणि ८ बारांचं (३२ बीटचं) एक वाक्य. झांज पडते, नवीन वाद्य येतं, बेस सुटतो किंवा परततो, हे बहुतेक वेळा वाक्याच्या पहिल्या बीटवर होतं. येणाऱ्या गाण्याचं वाक्य जाणाऱ्याच्या वाक्याच्या तिसऱ्या बारवर सुरू केलंत तर किक जुळूनही अपेक्षा दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण होतात. कानाला खटकतं ते हेच.

म्हणून प्रत्येक गाण्याला दर ८ बारांनी लेबल लावा आणि लेबलात काय आहे ते लिहा: 'ठेका', 'गायन सुरू', 'बेस बंद', 'गायन संपलं'. १२४ ला लेबलांचं अंतर १५.४८ सेकंद यायला हवं. मध्येच एखादं १९.३५ सेकंद आलं तर गाण्यात १० बारांचं वाक्य आहे. अशी गाणी असतात, आणि ती आधी कळलेली बरी. मग येणाऱ्या गाण्याची लेबलं जाणाऱ्याच्या लेबलांवर बसवा. जाणाऱ्याच्या 'गायन संपलं' पासून येणाऱ्याच्या 'गायन सुरू' पर्यंतच सांधा धरा. तिथे १६ च बार मिळत असतील तर १६ बारांचा सांधा करा. ३२ चा हट्ट धरू नका. खर्जातला यांचा आराखडा उत्तम आहे, पण तो ठेक्याच्या लांब इंट्रो-आउट्रोवाल्या गाण्यांसाठी. गायनप्रधान गाण्यांत ८ बारांचा नेटका सांधा ३२ बारांच्या खिचडीपेक्षा कितीतरी चांगला.

इंट्रो नसलेल्या गाण्याला इंट्रो करून द्या. गाण्यात कुठेतरी ४ बार नुसता ठेका किंवा ठेका आणि बेस मिळतोच, बऱ्याचदा दुसऱ्या कडव्याआधी किंवा शेवटी. तो पट्टा अचूक ४ बारांचा कापा. १२४ ला ७.७४२ सेकंद. दोन्ही टोकं किकच्या उसळीच्या थोडं आधी, सारख्याच अंतरावर घ्या आणि झेड दाबून शून्य रेषेवर सरकवा. 'रिपीट' ने ४ बारांचे १६ करा आणि गाण्याच्या पुढे लावा. झेडने कर्सर किंचित हलतो, म्हणून जोडल्यावर लूपची लांबी तपासा. प्रत्येक फेरीत ३ मिलिसेकंद वाढले तर चार फेऱ्यांत १२ होतात. लूपच्या शेवटी झांजेची शेपटी कापली जात असेल तर जोडावर १० मिलिसेकंदांचा सरळ फेड पुरतो.

सूर भांडण्याबद्दल. कॅमेलॉट चक्र (कुठल्या सुरातली गाणी एकमेकांना जुळतात ते दाखवणारा तक्ता) वापरा, सोपं आहे. १२ घरं, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ८ए म्हणजे ए मायनर, ८बी म्हणजे सी मेजर. ८ए वरून ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी वर जाणं सुरक्षित. सॉफ्टवेअरने दिलेल्या घरावर आंधळा विश्वास नको, मायनर आणि त्याचा जोडीदार मेजर यात त्याची गल्लत होते. पण ते दोघं चक्रात शेजारीच असल्याने त्या चुकीने फारसं बिघडत नाही. एखादं गाणं एक सेमीटोन (अर्धा स्वर) वर नेऊन घर जुळतं का बघायचं असेल तर हिशेब असा: एक सेमीटोन वर म्हणजे ७ घरं पुढे. ८ए चं ३ए होतं. 'चेंज पिच' ने एक सेमीटोन हलवलं तर वाद्यांना चालतं, गायकाचा आवाज मात्र बदललेला कळतो.

चक्रात घरं जुळत नसतील तर दोन सुरेल भाग एकमेकांवर येऊच देऊ नका. नुसत्या ठेक्याला घर नसतं. ठेका जाणाऱ्याचा, सूर येणाऱ्याचे, एवढी शिस्त पाळली की कुठलंही गाणं कुठल्याही गाण्याला लावता येतं.

आणखी एक: टेम्पो 'चेंज स्पीड' ने बदलला असेल तर सूरही हलतो. २ टक्क्यांना ३४ सेंट, म्हणजे सेमीटोनच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. घर तेच दिसेल, पण दोन सुरेल भाग एकत्र आले की बेसूर वाटेल. किकची धार मात्र 'चेंज स्पीड' मध्येच सगळ्यात चांगली राहते. त्यामुळे ज्या सांध्यात फक्त ठेके एकत्र येतात तिथे तो बेलाशक वापरा.

रीपरवाला

प्रत्यक्ष वाजवलेल्या गाण्यासाठी एक टेम्पो शोधणं व्यर्थ आहे, तो नसतोच. ड्रमर कडव्यात निवांत असतो, ध्रुवपदात पुढे सरतो. तिथे गाण्याला जागोजागी खिळे ठोकावे लागतात.

रीपरमध्ये (ऑडॅसिटीसारखंच दुसरं ध्वनी सॉफ्टवेअर): प्रोजेक्टचा टेम्पो १२४ ठेवा, गाणं टाका, एकूण वेग साधारण जुळवून घ्या (आयटमची कड ऑल्ट दाबून ओढली की ताणतं). मग दर ४ बारांच्या पहिल्या किकवर शिफ्ट+डब्ल्यू ने स्ट्रेच मार्कर लावा आणि प्रत्येक मार्कर ग्रिडच्या बारवर ओढा. प्रत्येक बीटवर मार्कर लावायचा मोह टाळा. ड्रमरची झोक बीटच्या आतल्या पुढे-मागे होण्यात असते, ती सपाट केली की गाणं यंत्रासारखं वाटतं आणि झांजा प्रत्येक मार्करपाशी फाटतात. ४ बारांनी भागत नसेल तर २ बार करा, त्याच्या खाली जाऊ नका. एबलटन लाइव्हमध्ये हेच काम वॉर्प मार्करने होतं. तिथे ठेक्याला 'बीट्स' मोड आणि गायनासह पूर्ण गाण्याला 'कॉम्प्लेक्स' किंवा 'कॉम्प्लेक्स प्रो'.

ऑडॅसिटीतही ३.४ पासून बार-बीटची ग्रिड आहे आणि क्लिपची कड ऑल्ट दाबून ओढली की मूळ आवाजाला हात न लावता ताणता येते. त्यामुळे गाणं ४-४ बारांवर तोडून प्रत्येक तुकडा ग्रिडला बसवणं शक्य आहे. पण तासाभराच्या मिक्समध्ये असं एकच गाणं आहे म्हणून चालेल. तीन-चार असतील तर सॉफ्टवेअर बदला. दुसरं कारण फिल्टरचं. बेसची अदलाबदल रीपरमध्ये दोन प्रती न करता एका ईक्यूच्या ऑटोमेशन रेषेने (वेळेनुसार आपोआप बदल करणाऱ्या) होते, आणि नंतर सांधा दोन बार सरकवावासा वाटला तर सगळं एकत्र सरकतं. ऑडॅसिटीत प्रत्येक वेळी कापाकापी पुन्हा.

तालमोजणी

वाजवलेल्या गाण्यापुरतं माझं मत थोडं वेगळं आहे. ते पूर्ण गाणं ग्रिडला बांधूच नका. फक्त सांध्यात येणारे पहिले आणि शेवटचे ८-१६ बार बांधा, मधलं गाणं जसं वाजलं तसं वाजू द्या. मध्ये त्याच्यासोबत दुसरं काहीच नसतं, मग ताणायचं कशासाठी? बांधलेल्या भागातून मोकळ्या भागात जाताना दोन्हीचा टेम्पो १ बीपीएमच्या आत असला तर जोड कळत नाही. जास्त फरक असेल तर दोघांच्या मध्ये ८ बारांचा 'स्लायडिंग स्ट्रेच' चा चढ किंवा उतार द्या.

शेवटही लांब हवाच असं नाही. वाक्य संपताना जाणाऱ्या गाण्याचा शेवटचा ठोका घेऊन त्याला इको द्या (१२४ ला पाऊण बीट म्हणजे ०.३६३ सेकंद, डीके, म्हणजे प्रतिध्वनी किती विरत जातो ते, ०.५) आणि पुढच्या बारच्या पहिल्या बीटवर नवीन गाणं पूर्ण आवाजात सुरू करा. इकोमुळे दोन गाण्यांमध्ये भोक पडत नाही आणि टेम्पो जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. लय मोठ्या फरकाने बदलायची असेल तेव्हाही हाच मार्ग.

खर्जातला

चौथा प्रश्न राहिला. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या एकेका मोजमापाच्या) चौकटींत भरला जातो. ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट २६ मिलिसेकंदांची. तुमचा तुकडा चौकटींच्या पटीत संपत नाही, म्हणून शेवटची चौकट शांततेने भरली जाते. शिवाय एन्कोडर आणि डीकोडर मिळून सुरुवातीला विलंब घालतात. लेममध्ये (एमपी३ बनवणारा एन्कोडर) तो एकूण १,१०५ सॅम्पलचा, म्हणजे २५ मिलिसेकंदांचा धरतात. लेम या विलंबाची नोंद फाइलमध्ये ठेवतो आणि काही प्लेअर ती वाचून उसंत काढून टाकतात. तुमचा प्लेअर वाचत नाही.

तुकडे हवेच असतील तर फ्लॅक किंवा वेव्हमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवणारे फाइल प्रकार) काढा, त्यात भरणी नसते. एमपी३ च हवं असेल तर एकच लांब फाइल आणि सोबत क्यू शीट (कुठलं गाणं कधी सुरू होतं ते लिहिलेली फाइल). क्यू शीटमध्ये वेळ मिनिट:सेकंद:फ्रेम अशी लिहितात, सेकंदाला ७५ फ्रेम. पहिलं गाणं १२८ बारांनंतर सुटत असेल तर १२४ ला ते २४७.७४२ सेकंद, म्हणजे ०४:०७:५६. शेवटचा आकडा ०.७४२ × ७५, पूर्णांकात. ९९ लिहिलेलं दिसलं तर कुणीतरी शतांश सेकंद घातलेत, फ्रेम ७४ च्या पुढे जात नाही.

ऑडिओ सीडी करणार असाल तर तुकड्याची लांबी ५८८ सॅम्पलच्या पटीत हवी, एक फ्रेम तेवढीच असते. नाहीतर सीडी लिहिताना शेवटचा फ्रेम शांततेने भरला जातो आणि जोडावर टक् ऐकू येतं. लेबलं लावण्याआधी ऑडॅसिटीत वेळेचं एकक सीडीडीए फ्रेम करून स्नॅप चालू ठेवा, लेबलं आपोआप हद्दीवर बसतील.

एक्स्पोर्टच्या आधी: प्रोजेक्ट ३२-बिट फ्लोटमध्ये ठेवा. सांध्यात बेरीज ० डीबीच्या वर गेली तरी फ्लोटमध्ये ती कापली जात नाही, १६-बिट काढताना कापली जाते. सगळे ट्रॅक मिक्स करून एक स्टिरिओ ट्रॅक करा, पातळी −१४ एलयूएफएसच्या आसपास आणा आणि शेवटी लिमिटर (शिखरं ठरलेल्या पातळीवर रोखणारा इफेक्ट) −१ डीबीवर लावा. लिमिटर सांध्यांच्या जागी ३ डीबीपेक्षा जास्त दाबत असेल तर दोष लिमिटरचा नाही, त्या सांध्यात अजून दोन बेस एकत्र वाजत आहेत. तिथे परत जाऊन बार १७ ची कात्री तपासा.